ग्रहणात मी वांगं कापलं नव्हतं

माझी थोरली लेक जन्मली तेव्हा अमरावतीत सुईण मिळेना. सातासमुद्रापार कुठं तरी लढाई लागली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. आमच्या सुईणीनंही बाळंतपणं सोडून वेचणी धरली होती. तिचं म्हणणं, बोंड आपलं आपण फुटतं आणि किंचाळत नाही.

सासूबाईंनी तिला शेतातून ओढून आणली. केसांत कापूस तसाच घेऊन ती कामाला लागली. लेक झाली. सुईणीनं तिला उचललं, तोंडाकडं पाहिलं आणि दिवा मागितला.  लेकीचा वरचा ओठ थेट नाकपुडीपर्यंत फाटलेला होता. आत टाळूलाही फट होती.

सासूबाईंनी आधी लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"गिऱ्हनात काय कापलं वं तू?"

"काई नाई कापलं, आत्याबाई."

"वांगं कापलं असशीन. आपल्या मळ्यात वांगेच वांगे हायेत."

मी कसं कापणार? ग्रहणाच्या वेळी त्यांनीच मला उताणी झोपवली होती, हातपाय सरळ, मुंगी चावली तरी हलायचं नाही. मी मढ्यासारखी पडून होते. तेव्हा माझी जाऊही पोटुशी होती. ती मात्र मळ्याच्या मागच्या बाजूला बसून तिखट-मीठ लावून कैऱ्या खात होती, आणि त्या तिनं विळ्यानं कापल्या होत्या. तिला गुटगुटीत मुलगा झाला. हे मी बोलून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "तिचं नशीब आडवं आलं." ग्रहणाला आमच्या घरातल्या नशिबाचीही माहिती होती असं दिसलं.

आता गंमत अशी, की आमच्या यजमानांच्या उजव्या हाताला सहा बोटं. ते जन्मले तेव्हा सासूबाईंनी गूळ वाटला होता, कारण सहावं बोट म्हणजे लक्ष्मी. कापसाच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत. यजमान सहज म्हणून एकदा अकोल्याच्या बाजारात गेले, तर एका दलालानं रुमालाखाली त्यांचा पंजा धरला आणि दचकून हात बाहेर काढला. पुढं तोच त्यांना मुद्दाम बोलावू लागला, शुभ म्हणून. मी सासूबाईंना विचारलं, "हे पोटात होते तवा तुमी गिऱ्हनात काय केलं होतं?" त्या दिवशी दोन्ही वेळा त्यांनी मला वांग्याचीच भाजी वाढली.

पण लेकीला भूक लागली होती आणि तिला ओढता येत नव्हतं. पाजायला घेतलं की दूध नाकातून परत यायचं, ती गुदमरायची, निळी पडायची. सुईण म्हणाली, "अफूची बारीक गोळी दे. सुखानं जाईन थे." वेचणीला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना बांधावर अफू देऊनच निजवत. मी ती गोळी घेतली आणि चुलीत टाकली. सुईणीला राग आला. अफू महाग झाली होती.

एका दुपारी लेक रडून रडून दमली होती आणि मीही. तिला आडवी घ्यायचंही त्राण राहिलं नाही, म्हणून गुडघे वर करून मांडीवर टेकवून बसवली, माझ्याकडं तोंड करून. वाटीत पिळलेलं दूध होतं. कापसाचा बोळा भिजवून तिच्या गालाच्या आतल्या बाजूनं एक थेंब सोडला. थेंब नाकातून आला नाही. ती गिळून बसली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी आणखी एक सोडला.

सासूबाई दारात उभ्या.

"सोन्याच्या भावाचा कापूस दुधात बुडवून राहिली काय?"

"थे पेऊन राहिली, आत्याबाई. पाहा."

त्या वाकल्या. लेकीच्या गळ्याची घाटी खाली-वर होत होती. सासूबाई सरळ झाल्या. आत गेल्या आणि माळ्यावरचं लेकरांना दूध पाजायचं लांब चोचीचं बोंडलं घासून घेऊन आल्या. मग आम्ही शिकत गेलो. बसवूनच पाजायचं. थोडं द्यायचं, थांबायचं, श्वास घेऊ द्यायचा. खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. बोंडलं दर वेळी उकळत्या पाण्यातून काढायचं. लेक आधी मांजरीएवढी होती, मग लेकराएवढी झाली. ओठ तसाच राहिला. बोलते नाकातून, पण भाजीबाजारात तिच्या हाकेला अख्खी ओळ वळून बघते.

बातमी पसरली तशा बाया येऊ लागल्या, मळ्याच्या मागच्या वाटेनं, पदराखाली लेकरू झाकून. कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाची जीभ खाली चिकटलेली. पावलाचं मला काही कळत नव्हतं, तसं मी सांगत असे. पाजायचं मात्र दाखवत असे.

एकदा अकोल्याहून एका व्यापाऱ्याची सून बैलांच्या दमणीतून आली. मुलगा माझ्या लेकीसारखाच. ती आल्या आल्या रडू लागली. "गिऱ्हनात मी सुई घेतली होती हातात," म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढं झाल्या.

"सुई गेली चुलीत. पयले त्याले सरळ बसव. अशी आडवी धरतेत काय? इकडं दे!"

सगळं त्यांनीच शोधून काढल्यासारखं त्या तिला शिकवत होत्या आणि मी बाजूला उभी राहून बोंडलं धुऊन देत होते. मुलानं पहिला घोट गिळला, दुसऱ्याला शिंकला. दूध सासूबाईंच्या तोंडावर उडालं. ती सून घाबरून पाया पडायला लागली.

"पाया काय पडतं," पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "वाटी धर."