गॅलरीतली गिरणी

आईला काय झालंय ते डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पण का झालंय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिची फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली होती. गोळ्यांनी आजाराचा वेग जरा कमी होईल, बाकी मागे काही फिरणार नाही, असं ते हिंदीत, थोडं ओशाळून म्हणाले. आम्ही उठत होतो तेव्हा त्यांनी जाता जाता पुस्ती जोडली, धुळीपासून जपा. बाबांनी सगळ्या बोलण्यातून तेवढं एक वाक्य उचललं आणि घरी आणलं.

बाबा विमा कंपनीतले निवृत्त अधिकारी. मिरजेहून बदलीवर जयपूरला आले, मग माझी शाळा, माझं कॉलेज, माझी इथलीच नोकरी असं करत करत आम्ही आदर्श नगरातच राहून गेलो. नोकरीत त्यांनी आगीच्या विम्यासाठी लाकडाचे कितीतरी कारखाने पाहिले होते. तिथे उडणारा भुसा गोळा करायला शेडबाहेर पत्र्याचा मोठा शंकू असतो, टोक खाली केलेला. पंखा हवा ओढतो, हवा त्या शंकूत गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खालच्या डब्यात घसरतात आणि स्वच्छ हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. त्याला सायक्लोन म्हणतात. धोका कळला की तो कमी करता येतो, यावर बाबांचं आयुष्य गेलं होतं. घरातला धोका त्यांना आता कळला होता.

खातीपुऱ्यात धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या एका पत्रेवाल्याला त्यांनी गाठलं आणि शंकू बनवून घेतला. ब्लोअर भंगारातून आणला. आईच्या खोलीच्या खिडकीतला कूलर उतरवला, तिथे प्लायवूड ठोकलं आणि गॅलरीतल्या त्या शंकूतून निघालेली नळी आत घेतली. एप्रिल लागला होता. बाहेरची कढत हवा आता गाळून आत येत होती, एवढाच फरक. मी उकाड्याचं बोलले तर म्हणाले, उकाड्याने माणूस मरत नाही.

पहिल्यांदा मशीन सुरू झालं तेव्हा आई दचकलीच. मग पदर सावरत म्हणाली, "घरात गिरणी काढलीत काय हो?" तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव गिरणी पडलं. बाबा मात्र सायक्लोनच म्हणायचे.

संध्याकाळी डबा रिकामा करायचा त्यांचा नेम होता. डब्यातली वाळू वाटीत घेऊन ते आईसमोर धरायचे. "बघ. एवढी आज तुझ्या छातीत गेली असती." आई वाटीत डोकावायची, मान हलवायची आणि म्हणायची, "हो, बरं वाटतंय." तिला काडीचंही बरं वाटत नव्हतं. बाथरूमपर्यंत जाताना ती दोनदा भिंतीला धरून उभी राहायची.

एकदा मी फ्रिजवरून बोट फिरवलं आणि बाबांना दाखवलं. पिठासारखी बारीक धूळ होती. जड ते डब्यात पडत होतं, बारीक ते हवेबरोबर मजेत आत येत होतं. तो शंकू बारीक कण पकडूच शकत नाही, हे मी वाचलंही होतं. बाबा बोटाकडे बघून म्हणाले, "ही आधीची आहे." आम्ही रोज पुसत होतो आणि धूळ रोज आधीचीच निघत होती.

पण धुळीचं मी सोडून दिलं असतं. मला राग होता तो आवाजाचा.

आमच्या घरात बोलायची ती आईच. बाबा मोजकं बोलणारे, आणि माझी जीभ शाळेपासून हिंदीत वळलेली. माझ्याकडे जी मराठी आहे ती सगळी आईच्या बडबडीतून आलेली आहे. मी वाक्यात 'मतलब' म्हटलं की ती लगेच विचारायची, "मतलब म्हणजे काय गं बाई?" रोज दुपारी मिरजेच्या मावशीला तिचा फोन असायचा. त्यात भाजी काय केली इथपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं यायचं.

आजाराने तिचा आवाज आधीच बारीक झाला होता. जो उरला तो गिरणीने खाल्ला. मावशी तिकडून ओरडायची, "दळणाला बसून फोन करतेस काय गं? काही ऐकू येत नाही." आई पुन्हा सांगायची, मग तिला धाप लागायची. हळूहळू ती नुसती फोन कानाला लावून हसायला लागली, आणि मग फोन करायचीच थांबली.

"जरा वेळ बंद करा की हो," असं तिने बाबांना कितीदा म्हटलं. बाबा म्हणायचे, "बोललीस की दमतेस. आधी बरी हो, मग पोटभर बोल." ते दूध आणायला गेले की मी मशीन बंद करायची. आल्या आल्या ते चपलेसकट गॅलरीत जाऊन बटण दाबायचे. मी त्यांच्याशी भांडले, अबोला धरला. आपली आई मुकी होत चालली आहे आणि हा माणूस वाळू मोजतोय, असं मला वाटायचं, आणि त्या दिवसांत मला ते खरंच आवडेनासे झाले होते.

जूनमध्ये एका दुपारी आंधी आली. आकाश पिवळं झालं, दारं आपटायला लागली आणि थोड्या वेळाने वीज गेली. इन्व्हर्टरवर आईला मे महिन्यापासून लावलेलं ऑक्सिजनचं मशीन आणि एक ट्यूबलाइट तेवढी चालली. ब्लोअर त्याला पेलवत नसे. गिरणी घरघरत थांबली.

आईने डोळे उघडले. "बंद पडली?" म्हणाली, आणि बोलायलाच लागली. दर दोन-तीन शब्दांनी थांबून दम घेत होती, पण बोलत होती. जयपूरच्या पहिल्या उन्हाळ्यात बाबांनी छतावर वाळवणाला राखण बसायचं कबूल केलं आणि तिथेच झोपून गेले, कुरडया माकडांनी नेल्या, ते सांगितलं. बाबा म्हणाले, "दोनच नेल्या होत्या." आई म्हणाली, "ताट नेलं होतं, ताट." बाबा खो खो हसले. ते तिच्या पायाशी टेकले होते. फटींतून धूळ आत येत होती, दातांखाली कचकचत होती, आणि त्याबद्दल तेही काही बोलले नाहीत. तिने मला भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळायला बजावलं. मावशीची चौकशी केली. मग थोडी थांबली आणि तिचा सूर बदलला. बाबांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आणि हे बघा, मी गेल्यावर तेवढं..."

तेवढ्यात वीज आली. बटण चालूच राहिलं होतं. गिरणी धडधडत सुरू झाली.

आईचे ओठ हलत होते. चार-पाच शब्द असतील. बाबा झटकन उठून गॅलरीत गेले. ते बंद करायला गेलेत असं वाटून मी तिच्याजवळच थांबले. आवाज काही थांबला नाही. बाबा परत आले ते शिगोशीग भरलेली वाटी घेऊन. "बघ, बघ आज किती आली!" ते आवाजावर आवाज चढवून सांगत होते. आईने वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. बरं वाटतंय.

त्याच संध्याकाळी तिचा ऑक्सिजन उतरत गेला. हॉस्पिटलात तोंडावर घट्ट मास्क बांधला होता, त्यातून बोलता येत नाही. ती माझा हात दाबायची, सोडायची. तिथून ती घरी आली नाही.

मावशी मिरजेहून आली. घरात चार माणसं बसलेली असताना तिने बाबांना विचारलं, "भावजी, शेवटचं काय बोलली ती?"

"बरं वाटतंय म्हणाली," बाबा म्हणाले. मावशीने डोळ्यांना पदर लावला.

ते खोटं नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण तिथे बसले असते तर सगळ्यांसमोर काहीतरी बोलून गेले असते. थोड्या वेळाने बाबा माझ्या मागून आले. माठातलं पाणी घेतलं आणि भांडं तसंच हातात धरून ओट्यापाशी उभे राहिले.

"त्याच्या आधी ती काहीतरी सांगत होती ना?"

"हो."

"तू जवळ होतीस. काय म्हणाली?"

"गिरणी चालू झाली होती, बाबा."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. मी इतके महिने ज्याला गिरणी म्हणत होते, त्याला ते पहिल्यांदाच तसं म्हणाले, "गिरणी बंद करायलाच उठलो होतो गं मी. तर डबा भरलेला दिसला."