बियाचा दोडका

घरामागं न्हाणीचं पाणी जिथं वाहत जातं तिथं मी दोडका लावते. पुढं वांगी, मिरची, आंबटचुका आणि कुंपणावर वाल. बाजारात गेलं नाही तरी रोज वेगळी भाजी होते. दोडक्याचं बी सासूबाईंचं. त्याचा दोडका आखूड, पांढरट, कधी कडू निघत नाही. दरवर्षी एक चांगला दोडका मी बियासाठी वेलावरच वाळू देते. कोणी तोडू नये म्हणून देठाला चिंधी बांधते.

यंदा पावसानं वेल सडला. एकच दोडका नीट उरला होता. त्याला चिंधी बांधून मी निंदायला गेले. संध्याकाळी जेवायला बसले तर ताटात दोडक्याची भाजी. माझा घास थांबला.

"आत्या, मीठ जास्त झालं काय?" नव्या सुनेनं विचारलं. ती बुलढाण्याची, शहरातली.

"तो बियाचा होता, बाई."

तिचं तोंड उतरलं. "मले वाटलं, चिंधी नजरेची हाय."

"काही म्हणा, भाजी तं मस्त झाली," हे म्हणाले. कोणी हसलं नाही.

मागच्या साली उरलेलं बी मी जावेला देऊन टाकलं होतं. तिनं ठेवलं असेल की नसेल, कोण जाणे. आणि दिलेलं परत कसं मागायचं? मला लोकांच्या दारात जायचीच लाज वाटते, त्यात जावेची जीभ तिखट. हे सगळं मी सुनेला सांगितलं. शेवटी सूनच म्हणाली, "चला आत्या. म्या शिजवला म्हणून मीच सांगतो."

आमच्याकडं बी रिकाम्या हातानं मागत नाहीत. फुकटचं उगवत नाही म्हणतात. मी ओंजळभर चवळी पदरात घेतली.

जाऊ ओट्यावर लसूण सोलत होती. माझ्या पदराकडं पाहूनच म्हणाली, "काऊन वं, बियाचा खाल्ला काय?"

"म्या शिजवला, काकू," सून म्हणाली.

"मंग? लागला काय गोड?"

"हाव."

जाऊ एवढ्या मोठ्यानं हसली की मलाही हसू आलं. तिनं चवळी घेतली, राखेच्या डब्यातून बी काढलं आणि अर्धंच दिलं. "बाकीचं माह्याजवळच राहू दे. तुही सून लय सुगरण हाय."

वाटेत सून म्हणाली, "आत्या, बुलढाण्याले आईनं गच्चीवर फुटक्या टाकीत माती भरून ठेवली हाय. तिथं लावाले देऊ काय थोडं?"

घरी येऊन मी बी सुपात पसरलं आणि त्यातलं टपोरं टपोरं तिच्या आईसाठी वेगळं काढलं.