खिडकीजवळच्या बेडसाठी प्रार्थना

लग्नानंतर मी दिल्लीला निघाले तेव्हा नगरच्या फलाटावर आईने प्रार्थना सुरू केली, आणि ती आमेनपर्यंत पोचायच्या आत गाडी हलली. आईच्या प्रार्थनेला वेळ लागतोच. देवाला सगळं ठाऊक असतं हे तिला मान्य आहे. पण एवढ्या व्यापात त्याचा घोटाळा होऊ नये म्हणून ती डबा कुठला, बर्थ वरचा की खालचा, हेही सांगते. गाडीबरोबर चालत, मग चक्क पळत, तिने आम्हाला, ड्रायव्हरला आणि वाटेतल्या सगळ्या पुलांना प्रभूच्या हाती सोपवलं. आमेन काही ऐकू आलं नाही. माझा नवरा विनय सरकारी नोकरीतला. तो म्हणाला, "पोच मिळाली असं समजू."

नगरच्या ख्रिस्ती मंडळीत राहिलेल्यांना कल्पना यायची नाही, पण जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना पटेल. देव सगळीकडे असतो, त्याच्याशी बोलायची भाषा मात्र मागेच राहते. दिल्लीत आम्ही द्वारकेला राहतो, तिथल्या चर्चमध्ये सगळं हिंदीत. माझी हिंदी भाजीवाल्यापुरती पक्की, 'भैया, ठीक लगाओ' एवढी. ती वापरून परमेश्वराशी काय बोलणार? शेजारच्या मिसेस अरोरांना तर मराठी माणूस ख्रिस्ती असतो हेच पचलं नव्हतं. त्या नाताळला मोदक मागायच्या. (मी दिलेही.) हळूहळू मी प्रार्थनेचं खातं आईकडेच सोपवलं. फोन करायचा, अडचण सांगायची, बाकी ती बघेल.

मागच्या उन्हाळ्यात विनयच्या पित्ताशयात खडे निघाले, आणि त्यातच इन्फेक्शन होऊन ताप चढला. ताप उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि फार दिवस थांबणंही बरं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी वॉर्डात स्टुलावर बसून त्याचा पिवळा चेहरा बघत राहायचे. दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण इतकं परकं कधी वाटलं नव्हतं.

आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा. मी तो स्पीकरवर विनयच्या उशाशी ठेवायचे. "हे स्वर्गीय पित्या, तिसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या बेडवर जे तुझं लेकरू आहे, त्याला स्पर्श कर." मग ताप, खडे, डॉक्टरांचे हात, कँटीनचा चहा, सगळं क्रमाने. शेजारच्या बेडवर हरियाणातल्या रोहतककडचे एक आजोबा होते, सगळे त्यांना ताऊ म्हणायचे, न्यूमोनियाने बेजार. त्यांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण फोन वाजला की हात जोडून बसायचे.

आठवड्याभरात ताऊ ठणठणीत. जेवण परत मागवू लागले, नर्सबाईंना म्हशींची माहिती देऊ लागले. विनयचा ताप मात्र जागचा हलेना. आई गोंधळली. एवढ्या वर्षांत तिला असा अनुभव नव्हता. तिने खोदून खोदून चौकशी केली, तेव्हा सहज माझ्या तोंडून निघून गेलं की एसीचा झोत लागतो म्हणून विनयला कधीच आतल्या बेडवर हलवलंय. खिडकीजवळ आता ताऊ असतात.

मग आई हळूच म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी कुणासाठी गं मागत होते?"

ताऊंनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. ते बिचारे इतके ओशाळले की उठून बेड बदलायलाच निघाले. "बेटी, थारी अम्मा की दुआ तो मन्नै लाग गी," म्हणाले, म्हणजे आईची दुवा त्यांनाच लागली. नर्सबाईंनी दटावून त्यांना पुन्हा आडवं केलं. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. देव काही बेड बघून काम करत नाही, हे मला कळत होतं. पण आईला पहिल्यांदाच शब्द सुचत नव्हते, आणि ते ऐकून माझा धीर सुटला.

"आज तू कर," आई म्हणाली. "तू तिथे आहेस. मला इथून दिसत नाही."

मी डोळे मिटले. मराठीत सुरुवात केली, दुसऱ्याच वाक्याला हिंदीत घसरले. "प्रभू, मी थकलेय. मला एकटीला नाही जमत आहे. बस, इनका बुखार उतार दो, प्लीज. आणि ताऊंना पण नीट घरी जाऊ दे." कसलाही क्रम नाही, पत्ता नाही. रडले, नाक पुसलं, आमेन म्हटलं. ताऊ मोठ्याने "आमीन" म्हणाले, पलीकडचे सरदारजीही म्हणाले, आणि फोनमधून आईचं आमेन सगळ्यात शेवटी आलं. ताप तेव्हा होता तेवढाच होता. पण मी उठून कँटीनमध्ये गेले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

दोन दिवसांनी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, नवीन अँटिबायोटिक लागू पडलं. आई म्हणाली, ते डॉक्टरांना सुचवलं कुणी? मी दोघांनाही हो म्हटलं. ऑपरेशन नीट पार पडलं. ताऊ आधीच घरी गेले होते. त्यांनी मुलाबरोबर तुपाची बरणी पाठवली, पेशंटला तूप बंद असताना.

डिस्चार्जच्या दिवशी टॅक्सीत बसल्यावर मी आईला फोन लावला. "आई, आम्ही घरी निघालो."

"कुठल्या गाडीने?" तिने विचारलं. "स्टेशनवर कुणाला तरी पाठवते."

"नाही गं," मी म्हटलं, "द्वारकेला."

मग आई म्हणाली, "बरं. घरी पोचलात की फोन कर."