बाबा वारज्याच्या पुलाखाली उतरले तेव्हा

आई गेल्यानंतर वर्षभर बाबांनी यवतमाळमधलं घर सोडलं नव्हतं. भाजीसुद्धा शेजारी आणून देत. खूप मागे लागल्यावर ते पुण्याला, माझ्याकडे यायला तयार झाले, तेही एकटे, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. मी सगळं ठरवून टाकलं होतं. गाडी कुठपर्यंत आली ते मला फोनवर दिसणार, वारज्याचा पूल जवळ आला की मी त्यांना उठवणार आणि आधीच तिथे जाऊन थांबणार. त्यांनी फक्त उतरायचं.

सकाळी साडेपाचला उठले तर फोन बंद. चार्जर बदलला, बटण दाबून धरलं, काही नाही. बाबांचा नंबर आठवायला बसले आणि लक्षात आलं, मला त्यातले शेवटचे दोनच आकडे येतात. लॅपटॉप उघडला, तर त्यानेही माझी ओळख पटवायला कोड फोनवरच पाठवला. रिक्षा बोलवायची तीही फोनवरून, आणि पर्समध्ये रोख म्हणावी तर पाच रुपयांचं एक नाणं.

मी समोरच्या आजींचं दार वाजवलं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या या आजी कमी बोलतात आणि बोलल्या तर टोचून. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे डब्यातून पाचशेची नोट काढून दिली.

"अहो, फोन बंद पडलाय, तुम्ही नाही. जा आता."

रस्त्यावर येऊन हात करून रिक्षा थांबवली. धायरीहून वारज्याला पोचेपर्यंत मी बाबांना नाही नाही त्या ठिकाणी पाहिलं. झोपेत पुढे निघून गेलेले, हायवेवर मधोमध उभे राहिलेले. पुलाखाली कोणीच नव्हतं. चहाच्या गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हो, पांढरा सदरा, हातात नायलॉनची पिशवी, असे एक काका उतरले होते. बराच वेळ फोन लावत बसले होते. मग वहीतला पत्ता दाखवून धायरीची बस विचारली आणि अर्ध्या तासापूर्वी गेले.

मी त्याच रिक्षाने परत फिरले. वाटेत प्रत्येक बसच्या खिडकीत बघत होते.

सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनच्या खुर्चीवर बाबा बसले होते. शेजारी दुसऱ्या खुर्चीवर आजी. वॉचमनने त्यांना आत सोडायच्या आधी नियमाप्रमाणे मला फोन केला होता, तो अर्थातच लागला नव्हता. आजी खाली दूध घ्यायला आल्या, माझं मघाचं सांगणं आठवून त्यांनी ओळखलं आणि तिथेच चहा मागवला. दोघं तुरीच्या डाळीबद्दल बोलत होते.

मला बघून बाबा उठले. माझे डोळे भरले तसे ते जरा गोंधळले.

"काहून रडतं पोरी? तुया फोन लागला नाही, मंग मी विचारत आलो. दोन बस बदलल्या." मग जरा अभिमानानेच म्हणाले, "मले वाटलं नव्हतं मले जमन."

त्यांचा चेहरा मी वर्षभरात असा पाहिला नव्हता. मी फाटकाच्या कठड्यावरच बसले आणि त्यांच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

दुपारी फोन दुरुस्त होऊन आला. बाबांचे तेरा फोन येऊन गेल्याचे मेसेज आले. आजींचे पैसे परत द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "मला ते फोनवर वगैरे पाठवू नका. नोटच द्या."

बाबा दीड महिना राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून क्यूआर कोडचा चौकोन स्कॅन करून पैसे द्यायला शिकून घेतलं. रक्कम टाकताना ते प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत आणि पैसे पोचल्याचा आवाज आल्याशिवाय दुकानातून हलत नसत. एका सकाळी म्हणाले, मार्केट यार्डात आपल्याकडची संत्री काय भावाने जातात ते बघून येतो. मी बस नंबर सांगायला लागले, तर म्हणाले, विचारीन कोणाला तरी.

ते गेले, आणि मी फोन उलटा ठेवून कामाला बसले. मध्ये एकदाही उचलून पाहिला नाही.