दोरीचं विमान आणि माझी एक रेघ

डिचोलीतल्या एका खाण कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवायचे, हे माझं काम. साखळीहून सकाळची बस पकडायची, बाहेरच्या लाल धुळीने टेबल पुन्हा भरायच्या आत पुसून घ्यायचं आणि पेन हातात धरायचं. मी काढलेली रेघ खोडावी लागत नसे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ऑफिसात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि मलाही.

आईचे मावसभाऊ, म्हणजे माझे मामा, पेडण्याचे. हवाई दलात फिटर होते. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा हत्यारं जास्त होती. एका रविवारी ते साखळीला आमच्याकडे आले, चहा थंड होऊ दिला आणि मेजावर एक पिवळा पडलेला नकाशा उलगडला. आठ घड्यांचा. घड्यांवर कागद इतका झिजलेला की पलीकडचा टेबलक्लॉथ दिसत होता.

तो एका जुन्या परदेशी विमानाच्या मॉडेलचा नकाशा होता. पंख माझ्या पसरलेल्या हातांपेक्षा थोडेसेच लहान, नाकात छोटं इंजिन. दोरीचं विमान म्हणतात ते हेच; ते दोन बारीक पोलादी तारांना बांधलेलं असतं. उडवणारा मैदानाच्या मध्ये मूठ धरून उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. मूठ वर कलवली की वर, खाली कलवली की खाली. हात तयार असेल तर ते कोलांट्या घेतं, आकाशात आठचा आकडा काढतं, उलटं होऊन उडतं. मामांनी नोकरीत असताना अशी कितीतरी बांधली होती.

"ह्याचें किट करूया," ते म्हणाले.

"किट म्हणजे?"

"खोकें. भितर सगळे भाग कापून तयार, नकाशा, आनी कशें बांदचें ताचो कागद. कोल्हापुराक जावं, बेळगांवाक जावं, कोणेंय घरा बसून बांदूंक जाय. आमच्याकडे असलें कोण करिना. भायल्यान येता तें कोणाक मेळना." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हें तुकाच जमतलें, बाय."

मला जमणारच होतं. मी त्याच दिवशी हो म्हटलं.

कामाला तिसरा माणूस हवा होता, तो डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत सापडला. मूळचा आजऱ्याकडचा. औषधांची पुठ्ठ्याची खोकी ज्या साच्याने कापतात ते साचे तो बनवायचा. लाकडी फळीत करवतीने फट पाडायची आणि तीत पोलादी पट्टीचं पातं हव्या त्या आकारात वाकवून बसवायचं. साचा म्हणजे डाय, म्हणून मामा त्याला डायवाला म्हणत, तो मामांना काका म्हणे आणि मला ताई. पंखाच्या फासळीचा आकार मी कागदावर काढून दिला तेव्हा त्याने तो उजेडाला धरून पाहिला.

"ताई, ही रेघ तुमच्या हातची? मग पातं पण तसंच वाकवायला पायजे. न्हाईतर माझी लाज निघंल."

लाकूड बाल्सा, पिसासारखं हलकं. मामांचा कोणी जुना सहकारी ते कलकत्त्याहून पार्सलने पाठवी. ते महाग म्हणून आम्ही आधी इथला पांगारा वापरून पाहिला, कारण सावंतवाडीची लाकडी खेळणी त्याचीच होतात. फासळ्या सुरेख झाल्या, पण जोडलेला पंख मामांनी तळहातावर तोलला आणि जड म्हणून खाली ठेवला. मग बाल्साच आणलं. पण साच्याखाली ते कापलं जाण्याऐवजी चेंगरायला लागलं. कडा चुरमुऱ्यासारख्या. डायवाल्याने दोन आठवडे पाती बदलून पाहिली आणि शेवटी एकाच बाजूने धार लावलेलं पातं बसवलं. फासळी फळीतून सुटून त्याच्या हातात आली तेव्हा त्याने ती गालाला लावून पाहिली. कड गुळगुळीत होती.

बाल्साची प्रत्येक फळी मी आईच्या स्वयंपाकघरातल्या तराजूवर तोलत असे आणि कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करत असे. एका खोक्यात दोन्ही पंखांना सारख्या वजनाचं लाकूड गेलंच पाहिजे, हा माझा नियम. मामा आधी हसले. पहिलं विमान जोडून झाल्यावर त्यांनी ते मधोमध बोटावर धरलं आणि ते कुठल्याच बाजूला कललं नाही, तेव्हापासून हसणं बंद.

नकाशा पुन्हा काढायला मला तीन महिने लागले. ऑफिस सुटल्यावर, घरी, जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात. जुन्या कागदाने दमट हवेत आकार सोडला होता. एकच फासळी दोन ठिकाणी मोजली तर दोन मापं येत. मी सगळी मापं नव्याने बसवली. घडीवर जिथे रेघ पुसली होती तिथे दोन्हीकडची टोकं पाहून मधली ओढली. हेच तर मी ऑफिसात रोज करत होते. मामांना विचारायला पेडण्याला कशाला जायचं?

गोव्यात ते राजभाषेच्या वादाचे दिवस होते. आमच्या ऑफिसात मराठीवाले एका बाजूला चहा घेत आणि कोंकणीवाले दुसऱ्या. माहितीचा कागद कुठल्या भाषेत लिहायचा यावर आमच्यातही एक संध्याकाळ गेली. मामा म्हणाले, आमच्या भाशेंत. मी म्हटलं, खोकी कोल्हापूर-पुण्याला जाणार, मराठीत. डायवाला मधे बसून उंडो पाव चहात बुडवत होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही सांगा तुमच्या भाषेत, ताई लिवतील त्यांच्या. भांडान तरी व्हनार न्हाई." तसंच केलं. फक्त लाकडी मुठीच्या वरच्या टोकावर मामांनी लाल रंगाने 'वयर', म्हणजे वर, असं लिहिलं आणि ते आम्ही तसंच ठेवलं.

पहिलं विमान मामांनीच बांधलं. पेडण्याच्या सड्यावर, कातळावरच्या मोकळ्या जागेत, त्यांनीच ते उडवलं. एरंडेल मिसळलेल्या इंधनाचा वास, इंजिनाचा कर्कश आवाज, आणि साठीच्या पुढचे मामा जागच्या जागी गोल फिरत होते. विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं, उलटं झालं, दोन फेऱ्या उलटंच उडालं आणि सरळ होऊन उतरलं. डायवाला टाळ्या वाजवत धावला. मी धावले नाही. मला खात्रीच होती.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी आमची पहिली बारा खोकी पोस्टाने गेली. दीड महिन्याने गडहिंग्लजच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांचं पत्र आलं. अक्षर ठळक, भाषा नम्र. त्यांनी लिहिलं होतं की विमान कागदाबरहुकूम बांधलं, सुट्टीभर बांधलं, पण पहिल्याच उड्डाणात, जमिनीवरून उचलताच, ते नाक खाली घालून आपटलं. 'मूठ वर केली होती असं मला वाटतं, पण घाईत माझाच हात उलट गेला असणार. दोष आपला नाही. तरी काही सुटे भाग मिळतील का?'

पत्र मी ऑफिसात वाचलं. पहिल्यांदा मलाही वाटलं, मास्तरांचा हात उलट गेला असेल. मग नकाशा काढून शेपटीवर बोट ठेवलं.

शेपटीच्या हलत्या फळीला पितळी पत्र्याचा एक छोटा तुकडा बसतो. मामा त्याला शिंग म्हणत. पंखातून आलेली तार त्या शिंगात अडकते आणि फळी हलवते. शिंग फळीच्या खालच्या बाजूला असेल तर मूठ वर कलवल्यावर विमान वर जातं. वरच्या बाजूला असेल तर तीच मूठ त्याला जमिनीत घालते. मी शिंग वरच्या बाजूला काढलं होतं. जुन्या नकाशाची एक घडी नेमकी तिथून गेली होती, कागद तिथे उरलाच नव्हता. कधीतरी एका मासिकातल्या फोटोत मी शिंग वर पाहिलं होतं, तेवढ्यावर मी रेघ पूर्ण केली. बाराही नकाशांत ती तशीच होती, काळीभोर आणि सुबक.

पण मग मामांचं विमान उडालं कसं?

रविवारी पहिल्या बसने पेडणे गाठलं. मामा पडवीत होते. मी नकाशा पुढे ठेवून सांगितलं, "इथे मी चुकले." त्यांनी भिंतीवरच्या खुंटीला टांगलेलं विमान काढलं आणि उलटं करून पाहिलं. शिंग खाली होतं, जिथे असायला हवं तिथेच.

शिंगावर अंगठा फिरवत ते म्हणाले, "हांवें तुजो कागद पळयलोच ना गे. हात वळटा तशें बांदलें."

"म्हणजे माझा नकाशा कोणी तपासलाच नाही."

"तुवें काडलां म्हणटकूच कित्याक तपासपाचो?"

मी काढला म्हटल्यावर तपासायचा कशाला, हे ते मला बरं वाटावं म्हणून बोलले, पण मला ते सगळ्यात जास्त लागलं. त्याच पडवीत बसून मी बारा पत्रं लिहिली. प्रत्येकात एकच मजकूर: शिंग खाली बसवा, नकाशातली चूक माझी आहे, विमान मोडलं असेल तर नवं खोकं पाठवू. तिघांची उत्तरं आली की त्यांनी आधीच ओळखून दुरुस्त केलं होतं. बाकीच्यांनी अजून बांधायला घेतलं नव्हतं. आपटलं ते एकट्या मास्तरांचं.

त्यांना नुसतं खोकं पाठवावं असं मला वाटेना. मी रजा टाकली. मामा म्हणाले, हांवूय येतां. डायवाला सणाला गावी जाणारच होता, तोही निघाला. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढताना खोकं माझ्या मांडीवर होतं आणि प्रत्येक वळणाला डायवाला त्यावर हात ठेवत होता.

मास्तर चाळिशीचे, किडकिडीत. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी मोडकं विमान वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं होतं, तुकडा तुकडा जागेवर, जणू पुन्हा जुळेल. मी ओळख करून दिली आणि लगेच म्हटलं, "सर, तुमचा हात बरोबर होता. मूठ तुम्ही वरच केली होती. नकाशा मी काढला, शिंग मी उलट बाजूला दाखवलं."

ते खुर्चीवर बसले. "अहो, मी तर वर्गात सांगून टाकलं की मला हे जमण्यासारखं नाही. पुन्हा हात लावणार नाही म्हणून." चष्मा काढून त्यांनी पुसला. "बरोबर होता म्हणता माझा हात?"

"बरोबर होता."

"मग ते वर्गात सांगायला पाहिजे," ते म्हणाले, आणि तास चालू असताना मला वर्गात घेऊन गेले. फळ्यावर मी शेपटी काढली, शिंग आधी वर आणि मग खाली, आणि काय चुकलं ते सांगितलं. ऑफिसात मी कधी कोणासमोर चूक सांगितली नव्हती, कारण झालीच नव्हती.

दोन दिवस आम्ही चौघांनी मिळून नवं विमान बांधलं. मास्तर बांधत होते, मामांनी हात मागे बांधून उभं राहायचं असं मी बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मास्तर मध्ये उभे राहिले, मामा त्यांच्या पाठीशी, त्यांच्या मनगटावर हात ठेवून. मी विमान धरलं होतं. सोडण्याआधी मी मास्तरांना मूठ वर करायला सांगितलं आणि शेपटीची फळी वर उचललेली डोळ्यांनी पाहिली. मगच सोडलं.

ते उचललं. पहिल्या फेरीला मामांचा हात मनगटावर होता, तिसऱ्या फेरीला नव्हता. मास्तर एकटेच फिरत होते, तोंड उघडं, आणि पूर्ण शाळा खिडक्यांतून ओरडत होती. इंधन संपून विमान गवतात उतरलं तेव्हा त्यांना चक्कर आली आणि ते मूठ हातात धरूनच खाली बसले. मग पुन्हा इंधन भरून मामांनी ते एकदा उलटं उडवून दाखवलं, आणि मग मास्तरांनी मूठ माझ्या हातात दिली. तोवर मी कधीच उडवलं नव्हतं. तारेतून विमानाची ओढ सरळ खांद्यापर्यंत येते, हे तोवर मला कागदावरच माहीत होतं. मी पाच फेऱ्या मारल्या आणि शेवटच्या फेरीत, मामा नको नको म्हणत असताना, एक कोलांटी घेतली.

परत आल्यावर दुसऱ्या खेपेच्या आधी पुन्हा रजा टाकून मी मामांना पेडण्याच्या त्यांच्याच पडवीत बसवलं. समोर खोकं, नवा नकाशा, माहितीचा कागद. अट एकच: कागदावर नसेल ते करायचं नाही, डोकं चालवायचं नाही, हाताला वळू द्यायचं नाही. चाळीस वर्षं विमानं बांधलेल्या माणसाला हे भारी पडलं. दर अर्ध्या तासाने ते चिडत, "हें बरयलां ना मगे! आतां हांवें कितें करचें?" आणि लिहायचं राहिलेलं ते मी वहीत टिपून घेई. आठ दिवसांत त्यांनी चार चुका काढल्या. तीन मी तिथेच दुरुस्त केल्या. चौथीवर आमचं पटलं नाही. डिंक आधी की खिळा आधी, एवढंच होतं. त्यांचं म्हणणं त्यांच्या भाषेत, माझं माझ्या, आणि संध्याकाळची बस येईपर्यंत आम्ही त्यावर भांडत होतो.