दोन वर्षांसाठी आलेल्या दामलेकाकू

दिल्लीत कुठेही खणलं की काहीतरी निघतं म्हणतात. रविवारी जुने किल्ले-कबरी बघत हिंडणाऱ्या आमच्या ग्रुपला तर खणावंही लागत नाही! कुणीतरी नुसतं "तो दिवस आठवतो का?" म्हणायचा अवकाश, की डबा उघडण्याआधी किस्से सुरू. इतके साठलेत की आता खरे कुठले आणि दामलेकाकांनी वाढवलेले कुठले, हे मलाही सांगता येणार नाही. पण काकूंचे मात्र सगळे खरे आहेत. त्यांना वाढवायची गरजच नव्हती.

ग्रुप म्हणजे किती? दामलेकाका, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आणि इतिहासाचे वेडे. सलमा, परभणीहून यूपीएससीसाठी आलेली. मी, वंदना, ऑफिसात काकांच्याच मजल्यावर बसणारी. आणि दामलेकाकू, ज्यांना दिल्ली बिल्कुल आवडत नव्हती!

काका ऐन तिशीत बदलीवर आले ते "दोन वर्षांसाठी". काकूंनी ती दोन वर्षं निवृत्तीपर्यंत धरून ठेवली. टीव्हीचा खोका, मिक्सरचा खोका, फ्रिजचासुद्धा खोका माळ्यावर जपून ठेवलेला. क्वार्टर बदलली की सामानाबरोबर रिकामे खोकेही टेम्पोत चढायचे. "परत जाताना लागतील," काकू म्हणायच्या. पुण्याला फ्लॅट घेऊन झाला होता. आता काका कधी रिटायर होतात आणि आपण कधी घरी जातो, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

दर रविवारी त्या यायच्या खऱ्या, पण आत यायच्या नाहीत. "तुम्ही या दगड बघून. मी इथे बसते," म्हणून हिरवळीवर सतरंजी पसरायच्या. आम्ही इतिहास बघून येईपर्यंत थालीपिठं, चटणी, दही, सगळं मांडून तयार. खरं सांगायचं तर माझा अर्धा इतिहास त्या थालीपिठांसाठी झाला.

*

एकदा काकांच्या मनात आलं, की एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरहून आलेले हिंदूराव दिल्लीत जिथे राहायचे ती जागा बघायची. आपला मराठी माणूस! जागा आहे, रिजच्या टेकडीवर. फक्त तिथे आता मोठं हॉस्पिटल आहे.

गेटवर गार्डने अडवलं. "किससे मिलना है?"

काका छाती काढून म्हणाले, "हिंदूरावजी का घर देखने आए हैं."

गार्डने आम्हा चौघांकडे पाहिलं. काकूंच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग अगदी मायेने म्हणाला, "कौन से वार्ड में हैं?"

काका काही बोलायच्या आत काकूंनी उत्तर दिलं, "भैया, उनको गुज़रे बहुत साल हो गए."

गार्डने टोपी काढली! "माताजी, हिम्मत रखिए," म्हणाला. परतताना रिक्षात हसून हसून सलमाला उचकी लागली.

*

पानिपतला मात्र काकू स्मारकापर्यंत चालत आल्या. काका लढाई सांगत होते. सलमाने मान खाली घातली. काकूंनी हात जोडले, डोळे पुसले आणि विचारलं, "इथे चादरी कुठे मिळतात?"

पानिपतला जाऊन चादर न घेता येणारी मराठी बाई मी तरी पाहिलेली नाही. दुकानात शिरल्यावर काकूंनी गठ्ठेच्या गठ्ठे उघडायला लावले. दुकानदार भावावर अडून बसला. शेवटी काकू पदर खोचून म्हणाल्या, "देखो भैया, हमारे लोग यहाँ एक बार हार चुके हैं. आज नहीं हारेंगे!"

दुकानदार इतका हसला, की भाव तर कमी केलाच, वर चहाही पाजला. पुण्याच्या फ्लॅटसाठी दोन चादरी घेतल्या आणि सलमासाठी एक जाड ब्लँकेट. "तुझ्या खोलीत ऊन येत नाही ना," एवढंच म्हणाल्या. सलमाने त्यांना कधी खोली दाखवली होती, देव जाणे.

*

हुमायूनच्या कबरीपाशी आम्ही जेवत होतो. काका हुमायूनच्या बापाची गोष्ट सांगायला लागले. बाबराला हिंदुस्थान मुळीच आवडला नव्हता. उकाडा, धूळ. एकदा तिकडचं खरबूज कापलं आणि त्याला काबूलच्या आठवणीने रडू आलं.

काकूंचा घास हातातच राहिला. "बिचारा! बरोबर आहे त्याचं. मग गेला का परत?"

"गेला ना."

"कधी?"

काका जरा घुटमळले. "मेल्यावर."

काकूंनी काकांच्या पानात आणखी एक थालीपीठ वाढलं आणि म्हणाल्या, "म्हणून म्हणते, मला आधी न्या!"

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की ही चेष्टा नाहीये. त्या बाईला खरंच घरी जायचं होतं.

*

सलमाचा निकाल लागला आणि यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्यांदा. त्या रविवारी पुराना किल्ल्याच्या हिरवळीवर ती म्हणाली, "काकू, मी परत जाते. अब्बा म्हणतायत, बस झालं."

मला वाटलं, काकू टाळ्या वाजवतील. सगळ्या जगाने आपापल्या गावी परत जावं, हे त्यांचं मतच होतं!

"कुठे नाही जायचं," काकू म्हणाल्या. "ही भिंत बघ. हे गाव किती वेळा मोडलं आणि किती वेळा परत बांधलं, ठाऊक आहे? याच मातीवर! आणि तुझी एक परीक्षा ती काय!"

सलमा रडता रडता थांबली. "काकू, तुम्ही तर कधी आतच आला नाहीत."

"बाहेर बसून ऐकू येतं मला. यांचा आवाज काय लहान आहे?"

"पण तुम्हीच तर म्हणता, घरी जावं."

"ते माझ्यापुरतं!" काकू कडाडल्या. "तू अभ्यास कर."

सलमा राहिली. अब्बांना फोनही काकूंनीच केला.

*

काका रिटायर झाले. माळ्यावरचे खोके खाली आले, आणि एकही सामानाच्या कामाचा निघाला नाही. टीव्ही, मिक्सर, फ्रिज मधल्या काळात कितीदा बदलले होते! शेवटी खोक्यांत पुस्तकं भरली.

निजामुद्दीन स्टेशनवर निरोप द्यायला आम्ही गेलो. काकांना वातावरण हलकं करायचं होतं. "तुघलकानेही राजधानी आपल्याकडेच हलवली होती बरं का, दौलताबादला! सगळी दिल्ली घेऊन निघाला होता."

"मग?" काकूंनी विचारलं. "पुढे काय झालं?"

काका तिकिटं तपासायला लागले. सलमाची मात्र परीक्षेची सवय! उत्तर येत असलं की तिला राहवत नाही. "परत आणली, काकू."

"बायकोला विचारलं नसेल त्याने," काकू म्हणाल्या आणि डब्यात चढल्या. गाडी सुटेपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. पाण्याच्या बाटल्याच लावत बसल्या होत्या. मला फार एकटं वाटलं. या शहरात माणसं बदलीवर जातात, त्याची सवय असते. पण ती सवय त्या दिवशी उपयोगी पडली नाही.

*

यंदा हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली, तसे रोज सकाळी ग्रुपवर काकूंचे मेसेज यायला लागले. "हवेचं ॲप आज लाल दाखवतंय. मास्क लावा." "सलमाला सांग, खिडकी उघडू नको." "आज बरी आहे, पण रविवारी फिरायला जाऊ नका." आम्हाला गंमत वाटायची. आम्ही दिल्लीत बसून नुसते खोकायचो, आणि हवा कशी आहे ते पुण्याहून कळायचं!

शेवटी एक दिवस मी काकांना फोन लावला. म्हटलं, काकू बऱ्या आहेत ना?

"बरी आहे गं," काका हळू आवाजात म्हणाले. "वंदना, इथे सकाळी काय सुंदर हवा असते म्हणून सांगू! समोर टेकडी आहे. मी रोज चहा घेऊन बाल्कनीत बसतो आणि हाक मारतो, अगं ये, बघ तरी काय हवा आहे."

"मग?"

"मोबाइल घेऊन आतच बसते. म्हणते, 'थांबा हो जरा, आधी घरची हवा बघू दे.'"