मागच्या बाजूचा फोटो

भाऊजी गेले तेव्हा त्यांच्या फोनमध्ये माझं एक खोटं होतं.

फिश टँकचा फोटो. खाली मी लिहिलेलं, "झाली टाकी! एकदम चकाचक!"

झाली-बिली काही नव्हती.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे नवरे. पुलगावला त्यांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. मी आर्वीत पार्लर चालवते. तिथे अ‍ॅक्रिलिकची टाकी, सहा मासे. बोअरच्या पाण्याचे डाग पडले म्हणून मी तिची समोरची बाजू बाहेरून घासली. भांड्याच्या तारेने.

हो, तारेने. हसून घ्या.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, हे मला ओरखडे पडल्यावर कळलं.

रविवारी भाऊजी वॉटर पेपर, म्हणजे गाड्या घासायचा पॉलिश पेपर, घेऊन आले. मासे टबात, टाकी गोधडीवर आडवी. पाणी मारत त्यांनी असं घासलं की समोरची अख्खी बाजू दुधासारखी पांढरी झाली.

"भाऊजी, होती तेवढीही घालवली तुमी!"

"पांढरी झाल्याबिगर साफ होत नाई, मीना. हा आठशेचा पेपर झाला. मंग त्याहून बारीक, हजार, मंग पंधराशे, मंग दोन हजार. मंग रबिंगची पेस्ट. मधातला नंबर सोडू नोको."

"इतकं कोण घासत बसन?"

"तुले तं फोडणी तडतडेपर्यंत धीर नाई."

पुढच्या रविवारी ते येणार होते. त्याआधीच अ‍ॅडमिट झाले.

दवाखान्यातून रोज फोन. "टाकी कुठवर आली?" आवाज दिवसेंदिवस बारीक.

मला काही सुचेना. दवाखाना, पार्लर, एसटी, परत दवाखाना. एका दुपारी आठशेवरून थेट दोन हजारवर उडी मारली. तासभर रबिंग केलं. ओरखडे तसेच.

मग मागची, न घासलेली बाजू फिरवली, फोटो काढला आणि पाठवून दिला. त्यांना बरं वाटावं म्हणून.

उत्तर आलं, "मस्त. मासे सोड."

तिसऱ्या दिवशी भाऊजी गेले.

शेवटचं बोलणं, आणि तेही खोटं! तेरवीपर्यंत मी एका जागी बसले नाही. टाकी मागच्या दाराशी काढून ठेवली, भंगारवाल्यासाठी. बघवतच नव्हती.

तेरवीच्या दिवशी ताईने पेपरची गुंडाळी हातात दिली. हजारचे दोन, पंधराशेचे दोन.

"हे कोणी देलं?"

"त्याईनंच दुकानातून आणून ठेवाले सांगतलं होतं. तुहा फोटो पाहून लय हासले. म्हणे, पाइपचं भोक समोरच्या बाजूले असते का? मागची बाजू दाखवून राह्यली मले. मधातले नंबर सोडले असन तिनं."

"मंग 'मस्त' काऊन लिहिलं?"

"म्हणे, आता रागावलो तं मीना टाकीच फेकून देईन."

मी पंगतीत वाढता वाढता ढसाढसा रडले. वरणाचं भांडं हातातच.

टाकी परत आत आणली. हजार आडवा, पंधराशे उभा, मग दोन हजार. आठ दिवस. माझ्यासारखीने आठ दिवस! मधे दोनदा पेपर फेकला, दोनदा उचलला.

आज भाऊजींना जाऊन महिना झाला. सकाळी पाणी भरलं, मासे सोडले. डाव्या कोपऱ्यात एक ओरखडा अजून नखाला लागतो. उद्या परत बसते.

फोटो खाली टाकलाय. पाइपचं भोक शोधा, दिसणार नाही.

ही समोरचीच बाजू आहे, भाऊजी. नीट पाहून घ्या.

तुमच्या मेहुणीकडून मनापासून श्रद्धांजली.